डिकीत बसेल आणि लागेल तेव्हा निघेल असा सबवूफर बॉक्स

गाडीच्या ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात सबवूफर (फक्त बेसचे, खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) मागितला की दुकानदार काळ्या कार्पेटमध्ये गुंडाळलेला एक तयार बॉक्स ओढून पुढे करतो. बारा इंची वूफर, कडेने निळी लाइट आणि वर छापलेले दोन-अडीच हजार वॉट. असा बॉक्स चालतो, आवाजही करतो. पण तो बनवणाऱ्याने तुमच्या डिकीचं माप घेतलेलं नसतं, आणि पुष्कळदा आतल्या वूफरला किती हवा लागते तेही पाहिलेलं नसतं. मग धम्म-धम्म ऐकू येतं, पण ढोलकीची थाप आणि बेस गिटारचा सूर वेगळे कळत नाहीत. वर स्टेपनी बॉक्सखाली अडकते ती वेगळीच.

ज्याने कधी जिगसॉ (गोल कापणारी छोटी विजेवरची करवत) हातात घेतलेला नाही, पण शनिवार-रविवार मोकळा आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला बॉक्स दहा इंची वूफरचा, सगळीकडून बंद आणि पाच मिनिटांत गाडीबाहेर काढता येईल असा करा. मुंबईत डिकी ही घरातली जादा खोली असते. गणपतीला गावी निघताना तिच्यात बॅगा, फळांच्या पेट्या, मखराचं सामान असं सगळं जायचं असतं. त्या वेळी घरातले लोक वूफरच्या बाजूने बोलणार नाहीत.

बंद बॉक्स का

वूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की बेस मरतो. म्हणून उघडा वूफर हातात धरून वाजवला तर नुसता फडफडतो. बॉक्सचं पहिलं काम मागची लहर कोंडून ठेवणं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडदा जागेवर परत आणते. बॉक्स लहान तर स्प्रिंग कडक, मोठा तर ढिली. बॉक्स किती लिटरचा, यावर आवाजाचा बराचसा स्वभाव ठरतो तो यामुळे.

पोर्टच्या बॉक्समध्ये मागची लहर एका नळीतून बाहेर काढून ती ठरावीक सुराजवळ कामाला लावतात. त्याच ताकदीच्या अँपवर (वूफरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) आवाज मोठा मिळतो. पण बॉक्स दीडपट-दुप्पट मोठा होतो, नळीची लांबी चुकली तर सगळं बिघडतं आणि नळीच्या सुराखाली पडदा मोकाट सुटतो. तिथे आवाज दर सप्तकाला 24 डेसिबलने घसरतो. बंद बॉक्समध्ये ही घसरण 12 डेसिबलची असते.

यात गाडी आपल्या बाजूने आहे. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे ती लहर हॅचबॅकच्या केबिनपेक्षा कितीतरी लांब. एवढ्या लहान बंद जागेत खालचे सूर आपोआप उचलले जातात, साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली. बंद बॉक्सचा आवाज जिथे घसरायला लागतो तिथेच गाडी तो भरून काढते. वॅगनआर किंवा स्विफ्टसारख्या गाडीत साधा बंद बॉक्स खोलवर वाजतो तो म्हणून. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीट आणि पत्रा येतो, तिथे हा फायदा थोडा कमी होतो. वूफरचं तोंड मागे, डिकीच्या झाकणाकडे ठेवलं तर बहुतेक वेळा जास्त ऐकू येतं.

वूफरचा कागद फेकू नका

खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस अशी अक्षरं आणि आकडे दिसतात. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित मांडलं. त्याआधी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजाने आणि कानाने ठरायचं. तुम्हाला हे सगळं पाठ करायची गरज नाही. कागदावर चार गोष्टी शोधा.

पहिली, बंद बॉक्ससाठी सुचवलेली जागा. ती घनफुटात असेल तर 28.3 ने गुणा, लिटर मिळतील. दहा इंची वूफरला साधारण 14 ते 23 लिटर लागतात, बारा इंचीला 23 ते 35. दुसरी, आरएमएस वॉट, म्हणजे वूफर सतत पेलू शकतो ती ताकद. मॅक्स, पीक वगैरे आकडे जाहिरातीचे; अँप निवडायचा तो आरएमएसवर. तिसरी, भोकाचा व्यास आणि बसवण्याची खोली. चौथी, कॉइल (पडद्याला हलवणारं तारेचं वेटोळं) एक की दोन आणि किती ओहमच्या. चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, आणि तुमचा अँप दोन ओहम सहन करणारा हवा.

सुचवलेली जागा दिलीच नसेल तर कागदावरच्या एफएसच्या आकड्याला क्यूईएसच्या आकड्याने भागा. उत्तर 50 च्या खाली आलं तर वूफर बंद बॉक्सचा, 100 च्या वर गेलं तर पोर्टचा, मधलं असेल तर दोन्हीकडे चालतो. विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आकडे टाकले की आलेख दिसतो. बंद बॉक्ससाठी क्यूटीसी (बॉक्समध्ये बसल्यावर पडदा किती आवरलेला राहतो ते सांगणारा आकडा) 0.7 च्या आसपास येईल एवढी जागा धरा. कागद आणि आकडे दोन्ही नसतील, तर तो वूफर स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नका.

डिकी मोजायची ती रिकामी करून

छत्री, चपला, पाण्याचा कॅन, जॅक सगळं बाहेर काढा. मग खालची रुंदी, चाकांच्या कमानींच्या मधली रुंदी (हीच खरी), सीटच्या पाठीपासून दरवाजापर्यंतची खोली वर आणि खाली वेगवेगळी, आणि पार्सल ट्रेच्या खालची उंची घ्या. सीटची पाठ तिरकी असते. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप तिच्यावर टेकवलं की कोन कळतो. बॉक्सची मागची बाजू त्याच कोनात कापली की तो सीटला चिकटून बसतो आणि पुढे जागा उरते.

मोजून झालं की टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा खोटा बॉक्स बनवा. डिकीत ठेवा, झाकण लावा, सीट मागेपुढे करा, स्टेपनीचं झाकण उघडून बघा. बॉक्स डिकीच्या दारातून तिरका करून बाहेर येतो का हेही पाहा. आत मावतो पण दारातून जात नाही असंही होतं.

आता सीएनजी. मुंबईत पुष्कळ गाड्यांत सिलिंडर असल्याने हा मुद्दा टाळून चालणार नाही. डिकीत आडवं 60 लिटरचं सिलिंडर असेल तर बॉक्ससाठी उरते ती समोरची पट्टी किंवा एखादा कोपरा. सिलिंडरच्या ब्रॅकेटला बॉक्स जोडायचा नाही, त्यावर काही ठेवायचं नाही आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तेव्हा बॉक्स निघालाच पाहिजे. काही नव्या गाड्यांत दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली असतात. डिकी मोकळी दिसते, पण तळात एकही भोक पाडू नका. आणि सिलिंडरमुळे खरोखरच वीतभर जागा उरत असेल तर हट्ट सोडा: पुढच्या सीटखाली बसणारा, आत अँप असलेला चपटा आठ इंची वूफर घ्या. तो जमीन हादरवणार नाही, पण गाणं पूर्ण करेल.

गणित, एका उदाहरणाने

समजा तुमच्या दहा इंची वूफरला 20 लिटर हवेत. वूफरचं चुंबक आणि सांगाडा स्वतः दीड लिटरच्या आसपास जागा खातो, आतला आधाराचा तुकडा आणखी थोडी. म्हणून 22 लिटर धरा.

बॉक्सची आतली उंची 32 सेंमी, आतली रुंदी 38 सेंमी. मागची बाजू तिरकी, म्हणून वरची खोली 12 सेंमी आणि तळाची 24 सेंमी, सरासरी 18. आता 32 गुणिले 38 गुणिले 18 म्हणजे 21,888 घन सेंटिमीटर, पावणेबावीस लिटरच्या किंचित वर. जमलं. तिरक्या फळीची आतली लांबी 34.2 सेंमी येते आणि कोन साधारण साडेवीस अंश. तुमच्या सीटचा कोन वेगळा असेल तर वरची-खालची खोली बदला. सरासरी 18 राहिली की लिटर तेच राहतात.

ही मापं आतली आहेत. फळी 18 मिमीची असेल तर बाहेरची उंची 35.6 आणि रुंदी 41.6 होते. सुताराला कागद देताना प्रत्येक आकड्यापुढे ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ लिहा. इथे गोंधळ झाला तर तीन-चार लिटरचा फरक सहज पडतो. सुतार इंच आणि सुतात बोलतो, कागद लिटरमध्ये बोलतो, आणि मध्ये तुम्ही. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजे 19 मिमी. दुकानात फळी मिळते ती 18 ची. एकाच मापात सगळं लिहून द्या.

वूफरची खोलीही तपासा. खोली 13.5 सेंमी असेल तर फळीची जाडी वजा जाऊन आत 11.7 जातो. बॉक्सच्या मध्यावर आत 18 सेंमी आहेत, म्हणजे चुंबकामागे सहा सेंमी मोकळी. चुंबकाच्या वरच्या कडेला तिरकी फळी जवळ येते, तरी तिथे साडेतीन सेंमी उरतात. चुंबकाच्या मागे हवेचं भोक असेल तर ही मोकळी जागा लागतेच.

फळी कुठली

जगभर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरतात, कारण ती सगळीकडे सारखी घट्ट असते, आत पोकळी नसते आणि कड स्वच्छ कापली जाते. पण साधी एमडीएफ मुंबईच्या जुलैत फुगते. ओल्या छत्र्या, गळकं रबर, एखाद्या दिवशी पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला डिकीच्या तळापर्यंत आलेलं पाणी, एवढं झालं की खालची कड बिस्किटासारखी सुटते. इथे एचडीएचएमआर नावाने मिळणारी ओलावा सोसणारी फळी घ्या, किंवा आयएस 710 छाप असलेला मरीन प्लाय. एचडीएचएमआर जड पडते पण कापायला एमडीएफसारखीच. मरीन प्लाय हलका आणि स्क्रू चांगला धरणारा, मात्र थरांमध्ये पोकळी नाही ना हे कडेने बघून घ्या. कमर्शियल प्लाय म्हणून जो मिळतो तो नको, 12 मिमीची फळीही नको. पातळ फळी स्वतःच वाजते.

या एका बॉक्सला आठ बाय चारचा अर्धा शीटही लागत नाही. रे रोडकडच्या लाकडाच्या वखारी किंवा जोगेश्वरीची ओशिवरा बाजू इथे मोठे तुकडे मिळू शकतात. जवळच्या प्लायच्या दुकानात पॅनल सॉ असेल तर सरळ काप तिथूनच करून घ्या. घरच्या करवतीने गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, काप काढणं नवशिक्याचं काम नाही. स्क्रू, बिट, क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटला, वायर लोहार चाळीत आणि बॉक्सला वायर जोडायची टर्मिनल, आरसीए (स्टीरिओतून अँपला सिग्नल नेणारी वायर) वगैरे लॅमिंग्टन रोडला बघा. मशीद बंदर ते ग्रँट रोड असा एक फेरा पुरतो. शनिवारी सकाळी लवकर जा आणि गाडी घेऊन जाऊ नका.

जोडणी

मी तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच देतो. फळ्या आल्या की आधी गोंद न लावता बॉक्स उभा करून बघा. समोरची आणि तिरकी फळी बाहेरून, वरची, खालची आणि दोन्ही बाजूच्या फळ्या त्यांच्या मध्ये, असा क्रम. वरच्या आणि खालच्या फळीची मागची कड तिरक्या फळीला सपाट बसेल अशा कोनात कापावी लागते. ती दुकानातूनच कापून घ्या, नाहीतर रंध्याने घालवा.

वूफरचं भोक सगळ्यात आधी, फळी सुटी असतानाच. कागदावरच्या व्यासाचं वर्तुळ काढा, रेषेच्या आत 10 मिमीचं एक भोक पाडा आणि त्यातून जिगसॉचं पातं घालून हळूहळू फिरवा. घाईने ढकललं की पातं खाली वाकतं आणि भोक वरून गोल, खालून अंडाकृती होतं. एन95 मास्क लावा. या फळ्यांच्या धुळीत गोंदाचं रसायन असतं, नुसता रुमाल बांधून भागत नाही. काम सोसायटीच्या गच्चीवर करणार असाल तर दुपारी दोन ते चार टाळा. वूफर वाजण्याआधीच सेक्रेटरीकडे तक्रार नको.

स्क्रूसाठी आधी बारीक भोकं पाडायचीच, दर दहा-बारा सेंटिमीटरला एक. एमडीएफसारख्या फळीच्या कडेत स्क्रू थेट घुसवला की ती पुस्तकासारखी उघडते. दोन इंची काळे ड्रायवॉल स्क्रू चालतात. आधी तळ, वरची फळी आणि बाजू, मग समोरची, शेवटी तिरकी.

गोंदाच्या बाबतीत आमच्या ओळखीच्या एका सुतारकाकांशी दरवेळी तेच बोलणं होतं. ते कपाटासाठी लावतात तेवढाच, मध्ये मध्ये ठिपके देऊन, फेविकॉल लावतात.

“काका, पूर्ण रेष पाहिजे. हवा जाता कामा नये.”

“हवा जाऊन जाऊन जाणार कुठे? स्पीकरच आहे ना?”

“तीच तर आत राहायला पाहिजे.”

“मग माझ्या कपाटालापण असाच लावू का? डांबराच्या गोळीचा वास बाहेर येणार नाही.”

हसतात, पण मग लावतात. तर, वॉटरप्रूफ प्रकारचा फेविकॉल घ्या, कडेवर सलग रेष ओढा, बोटाने पसरवा, फळी दाबा आणि स्क्रू घट्ट करा. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी गोंदाचे बारीक मणी एकसारखे बाहेर आले पाहिजेत. जिथे मणी आले नाहीत तिथे गोंद पोचलेला नाही. ती फळी काढा आणि पुन्हा लावा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. आतल्या बाजूचा पुसू नका, उलट बोट फिरवून कोपऱ्यात भरून टाका. रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात दोन रात्री.

दुसऱ्या दिवशी वूफरच्या भोकातून हात घालून आतल्या सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन सीलंटची बारीक रेष द्या. समोरच्या फळीपासून तिरक्या फळीपर्यंत एक पट्टी उभी करा, म्हणजे मोठ्या फळ्या थरथरणार नाहीत. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका. ती वाफ पडद्याच्या कडेच्या फोमला आणि कॉइलला चांगली नाही. एक दिवस पुरतो.

टर्मिनलच्या कपासाठी भोक बाजूच्या फळीत पाडा, मागच्या नको, नाहीतर सीट त्यावर टेकेल. आत उशीत भरतात तो पॉलिफायबर सैलसर भरा, साधारण अर्धा किलो पुरे. त्याने बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो. वूफरच्या फ्रेमखाली फोमची पट्टी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, आलटून-पालटून आवळा.

गळती शोधायची ती उदबत्तीने

आधी सोपी तपासणी. बोटं पडद्याच्या मध्याभोवती सारखी ठेवून तो हळूच आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स बंद आहे. झटकन उसळला तर कुठेतरी हवा निघते.

मग अँपला जोडून 30 हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, टर्मिनलभोवती आणि वूफरच्या फ्रेमजवळून फिरवा. धुराची रेष जिथे थरथरते तिथे फट आहे. गळती बहुधा टर्मिनलच्या कपात सापडते. तिथे एम-सील किंवा सिलिकॉन भरा. हे गाडीबाहेर, घरातच करा. सीएनजीच्या डिकीत पेटती उदबत्ती न्यायची नाही.

बाहेरून काय लावायचं

बहुतेक लोक काळं कार्पेट लावतात. मला मुंबईसाठी रेक्झिन बरं वाटतं. कार्पेट ओलावा धरून ठेवतं आणि ऑगस्टपर्यंत डिकीला कुबट वास येतो. रेक्झिन फडक्याने पुसता येतं. आधी सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासा, कापलेल्या कडांना दोन हात सँडिंग सीलर द्या, मग एसआर 998 सारखा रबरी गोंद दोन्हीकडे लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावर रेक्झिन बसवा. तळाला चार रबरी पाय ठोका. बोटभर उंची मिळाली तरी तळाचं पाणी थेट फळीला लागत नाही.

बॉक्स गाडीत जखडायची गरज काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. वूफर धरून हा ऐवज 15 किलोच्या घरात जातो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर करकचून ब्रेक लागला तर तो सीटच्या पाठीवर किंवा पाठीवरून पुढे येतो. बॉक्सला दोन लोखंडी कड्या बोल्टने लावा, मागे वॉशर घालून, आणि बोल्टच्या भोकांना सिलिकॉन द्या. गाडीला आयसोफिक्स (लहान मुलाची सीट अडकवायची सोय) असेल तर मागच्या सीटच्या पाठीमागे वरच्या पट्ट्यासाठी कड्या असतात; मुलाची सीट लावत नसाल तर त्यांतून रॅचेटचा पट्टा ओढून घ्या. तळाला नवीन भोकं पाडण्याचा मोह आवरा. खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते.

वायरिंग थोडक्यात

तीनशे वॉट आरएमएसचा क्लास डी अँप पूर्ण वाजताना 27 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. शुद्ध तांब्याची 8 गेजची वायर पुरते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर 4 गेज घ्या. स्वस्त किटमधली वायर सोलून कापा: आतून चंदेरी दिसली की ओळखायचं. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत, 40 अँपिअरचा. फ्यूज अँपला वाचवण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं. तो वायरला वाचवतो, म्हणून बॅटरीजवळ हवा. इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना रबरी ग्रोमेटमधूनच न्या. पत्र्यावर घासून वायर उघडी पडली तर आग लागते. अर्थिंगची वायर आखूड ठेवा, अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी उघडू नका. पॉवरची वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. कंपनीच्या स्टीरिओला आरसीए नसेल तर मागच्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेणारा कन्व्हर्टर लागतो; नवी गाडी असेल तर वायर न कापता कपलरने जोडा, वॉरंटीचा वाद टळतो. बॉक्सच्या टोकाला प्लग-सॉकेट लावा, म्हणजे काढताना स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागणार नाही.

वूफरची उलट-सुलट जोडणी तपासायला पेन्सिल सेल पुरतो. सेलचं धन टोक धन टर्मिनलला क्षणभर लावलं की पडदा बाहेर यायला हवा.

आवाज जुळवणं

अँपवरचा लो पास (ठरलेल्या आकड्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर, बेस बूस्ट शून्यावर. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टीरिओच्या सिग्नलशी अँपची गाठ घालायची ती जागा. स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा, वूफरची वायर काढा, 50 हर्ट्झचा सूर लावा आणि मल्टिमीटरने अँपच्या स्पीकर टोकांवरचे एसी व्होल्ट मोजा. वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ एवढे व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवायचा. 200 वॉट आणि चार ओहम असतील तर 28.3 व्होल्ट. तिथे थांबा, कितीही हात शिवशिवले तरी.

मग चालकाच्या सीटवर बसून फेजचा स्विच (पडद्याची पुढे-मागे हालचाल उलटी करणारा) 0 आणि 180 असा बदलून ऐका. ज्याला बेस भरीव वाटतो तो ठेवा. कसोटीला तबल्याचा डग्गा घ्या. डग्ग्याचा घुमार सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे हे कळलं पाहिजे. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ताशाची कडकड ढोलाखाली दबत असेल तर वूफर जास्त झाला, थोडा उतरवा. बेस डिकीतून येतो असं वाटणं हीदेखील खूण आहे. लो पास 70 पर्यंत खाली आणून बघा.

आवाज जुळला की गाडी खडखडायला लागते. डिकीचं प्लास्टिक, पार्सल ट्रे आणि सगळ्यांत जास्त नंबर प्लेट. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटचे स्नॅप लॉक एकदाच बसतात, काढले की तुटतात. म्हणून प्लेट न काढता मागच्या फटीत फोमची पट्टी फूटपट्टीनेच सरकवा. पार्सल ट्रेच्या कडेला फेल्ट लावा. एवढ्याने भागलं नाही तर डिकीच्या दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे (थरथर जिरवणाऱ्या चिकट रबराचे) पत्रे लावा.

काचा वर ठेवून ऐका. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. परळसारख्या भागात तर एका रुग्णालयाची हद्द संपते न संपते तोच दुसऱ्याची लागते. खालचे सूर बंद काचांतून आणि भिंतींतूनही जातात, तुम्हाला आत जेवढं वाटतं त्याहून जास्त.

आणि पोर्टच हवा असेल तर

तुमच्याकडे सेडान आहे, डिकी मोठी आहे, आणि बंद बॉक्स एकदा बनवून झाला आहे, तर करा. गोल नळीसाठी सूत्र असं: 23,562 ला नळीच्या आतल्या व्यासाच्या (सेंमी) वर्गाने गुणा, त्याला सुराच्या (हर्ट्झ) वर्गाने आणि लिटरने भागा, त्यातून व्यासाच्या 0.732 पट वजा करा. 45 लिटर, 35 हर्ट्झ आणि 10.4 सेंमी आतला व्यास धरला तर लांबी साडेअडतीस सेंमी निघते. प्लंबिंगच्या दुकानातला 110 मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो, पण त्याचा आतला व्यास स्वतः मोजा. एवढी लांब नळी बॉक्सच्या मागच्या फळीला टेकणार नाही ना हे आधी बघा. टोकापुढे निदान व्यासाएवढी मोकळी जागा हवी. नळीने व्यापलेली जागा लिटरमध्ये वेगळी धरा. अँपवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) असायलाच हवा, तो 30 च्या आसपास ठेवा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांनी वूफरचे स्क्रू एकदा आवळून घ्या, फोम दबल्याने ते सैल पडतात. गावी जाताना बॉक्स काढला की प्लगवर टोपी किंवा टेप लावा, अँपच्या रिमोट वायरमध्ये (स्टीरिओबरोबर अँप चालू करणाऱ्या वायरमध्ये) एक छोटा स्विच टाकला असेल तर तो बंद करा, आणि घरी बॉक्स वूफरचं तोंड भिंतीकडे नको, वर करून, गॅलरीत नव्हे तर पलंगाखाली ठेवा. लहान मुलं असतील तर वर जाळीही हवी.